बाहेर राहण्याचा शब्द

तारेचा तो तुकडा जाकिटाच्या खिशात कधीचा होता कुणास ठाऊक — बोटभर लांब, दोन्ही टोकांना गोल वळवलेला, सरपणाच्या पोत्याचं तोंड आवळायला वापरतात तसला — आणि उन्नीने तो बाहेर न काढता खिशातच चाचपला, एका गोलात करंगळी अडकवली, सोडवली, पुन्हा अडकवली... म्हणजे रविवारी. रविवारी निघताना आर्वे दारापर्यंत आला होता, जाकीट त्यानेच पुढे धरलं होतं, तेव्हाच त्याने तो हळूच सोडला असणार. भावाची ही जुनी खोड. कामावरचं काहीतरी बहिणीच्या खिशात टाकायचं आणि मग आठवडाभर वाट बघायची, तिला ते कधी सापडतंय म्हणून. एकदा तर चक्क झाडाची ओली साल. ती सापडली तेव्हा उन्नी एका राजदूताशी हस्तांदोलन करायच्या बेतात होती.

समोर, ऑस्लोच्या संसदेत, मंत्रीबाई बोलत होत्या. "अध्यक्ष महोदया, कुणालाही कायमचं एका कोपऱ्यात बसवून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही..." हे वाक्य माझं आहे, उन्नीला वाटलं. समितीच्या बैठकीत मी म्हटलं होतं, आणि म्हणताना किती बरं वाटलं होतं! आता मंत्रीबाईंच्या तोंडून ते ऐकताना आपलाच स्वेटर दुसऱ्याच्या अंगावर पाहावा तसं झालं. वीण तीच, रंग तोच, पण खांद्यात कुठेतरी ओढल्यासारखा.

वाक्य खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. विधेयकाचं नाव होतं 'पुढचं पाऊल'. ज्यांना बाजार कामावर घेत नाही अशा माणसांसाठी — अपंग, मंदबुद्धी, मनाने खचलेली — देशभर जी वर्कशॉप चालतात, तिथल्या कायमच्या जागा बंद करायच्या. त्याऐवजी प्रत्येकाला दोन वर्षं रीतसर शिक्षण, हाताला कसब, आणि मग बाहेर — दुकानात, बेकरीत, गोदामात, चारचौघांसारखी नोकरी. मालफ्रिडचंच घ्या. आर्वेच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं मेणबत्त्या ओतत बसलेली बाई; कुणीतरी तिला शिकवायचं मनावर घेतलं, आणि आज ती गावातल्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला 'दिवस छान जावो' म्हणते आणि उरलेल्या वेळात मालकाला दमात घेते. अशा मालफ्रिड आणखी असतील. असणारच. त्यांना अडवून ठेवायचं, ते कुणासाठी?

आर्वेसाठी... आर्वेला बाहेर पाठवून झालं होतं. लोखंडी सामानाच्या दुकानात, स्क्रूचे डबे लावायला. तिथे त्याला कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. फक्त कुणी बोललं नाही. सगळे इतके सभ्य, की त्याच्याकडे बघायचंसुद्धा टाळायचे. आर्वेने जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं, मग अंथरूण धरलं, आणि अंगणातला बर्फ वितळून चिखल होईपर्यंत तो उठला नाही. वर्कशॉपने परत घेतलं त्या दिवशी त्याने इतकी पोती बांधली की हातमोज्याची बोटं फाटली. दोन वर्षं शिकूनही जो बाहेर टिकणार नाही त्याचं पुढे काय, यावर विधेयकात एकच ओळ होती: 'स्थानिक पातळीवर योग्य ती व्यवस्था करण्यात येईल.' या ओळीचा अर्थ उन्नीला चांगला ठाऊक होता. इतकी वर्षं राजकारणात काढल्यावर तेवढं कळतंच. घरी बसेल, असा तो अर्थ.

उजवीकडची खुर्ची रिकामी होती. इथे पक्षाप्रमाणे नाही, जिल्ह्याप्रमाणे बसतात. त्यामुळे निवडणुकीत ज्याच्याशी भर चौकात भांडायचं, त्याच्याच कोपराला कोपर लावून चार वर्षं काढायची. उन्नीच्या कोपराला ओद्वार. विरोधी पक्षाचा, पेशाने शाळामास्तर, सत्तरीकडे झुकलेला, आणि भाषणं चालू असताना ओठ न हलवता शेरे मारण्यात पटाईत. आत्ता असता तर म्हणाला असता, 'पुढचं पाऊल म्हणे. आणि पुढे खड्डा असला तर?' पण ओद्वार काल स्वतःच्याच दारातल्या पायरीवर, बर्फावरून घसरला, खुबा मोडला, आणि रात्रीतून त्याचं ऑपरेशन झालं. आणि म्हणून जोडी.

सकाळी कोट ठेवायच्या खोलीत विग्दिसने तिला गाठलं होतं. त्यांच्या सत्ताधारी पक्षाच्या सगळ्या डोक्यांचा हिशेब विग्दिसकडे. कोण आजारी, कोण गावाला, कोण रुसलेलं, सगळं तिला तोंडपाठ.

"ओद्वारचं कळलं ना? त्यांच्या लोकांनी जोडी मागितलीय. मी तुझं नाव दिलं."

"माझं?"

"तुमचा जिल्हा एक, बाक एक. शोभून दिसतं." मग विग्दिसने उन्नीच्या बाहीवरचा बर्फ झटकला आणि आवाज खाली आणला. "आणि उन्नी... आज तुला मत द्यायला लागू नये असं मला मनापासून वाटतं गं. आर्वेचं माहीत आहे मला. भाषणाच्या यादीतूनही तुझं नाव काढलंय. संध्याकाळची गाडी पकड, घरी जा."

उन्नीचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते, त्यात नाटक नव्हतं. विरोधकांचा एक माणूस आजारी पडला तर सरकारच्या बाजूचाही एक माणूस मतदानाच्या वेळी बाहेर थांबतो, म्हणजे आजाराचा फायदा कुणाला मिळत नाही — ही जोडी, इतकी साधी, सभ्य रीत. कुठल्या कायद्यात नाही, कुणी सही करत नाही, शब्दावर चालतं. आणि इथे खुर्चीत बसून गप्प राहायची सोय नाही. जो आत असेल त्याला हिरवं नाहीतर लाल दाबावंच लागतं. गप्प राहायचं तर दाराबाहेर. ते दार विग्दिसने आपण होऊन उघडून दिलं होतं, आणि उन्नी म्हणाली होती, "थँक्स."

नंतर, मंत्रीबाईंचं भाषण ऐकता ऐकता, ते आभार हळूहळू आंबत गेले. सरकारचं बहुमत एका मताचं. ओद्वार बाहेर, उन्नी बाहेर, म्हणजे फरक तोच, एक, विधेयक सुखरूप. पण उन्नी आत आली आणि लाल दाबलं तर? तर बरोबरी. आणि बरोबरी झाली की अध्यक्षांच्या खुर्चीत जो असेल त्याचं मत शेवटचं; आज खुर्चीत उपाध्यक्षा, विरोधी पक्षाच्या. म्हणजे विधेयक पडलं... म्हणजे विग्दिसने हलणारा दात बरोबर ओळखला आणि दुखायच्या आत काढून टाकला. वर बाहीवरचा बर्फही झटकला. हा डाव होता की माया होती? दोन्ही असेल. विग्दिसकडे दोन्ही एकाच खणात असतात. त्यातलं काय उचलतोय हे तिला स्वतःलाही पाहावं लागत नसेल.

मंत्रीबाई बसल्या. प्रश्नाला इंग्वे उठला, विरोधकांतला तरुण, केस नेहमी नुकतेच झोपेतून उठल्यासारखे.

"अध्यक्ष महोदया! सन्माननीय सदस्या ब्रेक्के इथे बसलेल्या दिसल्या, आनंद झाला. एवढंच विचारायचं होतं, की मतदानाची घंटा वाजेल तेव्हाही त्या इथेच बसलेल्या असतील का?"

हशा पिकला. सगळ्या बाजूंनी. आपलं नाव कानावर पडल्याबरोबर उन्नीच्या मानेवर गरम काहीतरी चढत गेलं.

"सदस्यांनी विषयाला धरून बोलावं," उपाध्यक्षा म्हणाल्या.

"विषयालाच धरून बोलतोय, अध्यक्ष महोदया. ज्यांच्या जिल्ह्यातली माणसं उद्या घरी बसणार, त्या आज कुठे बसणार, हा विषयच आहे."

उन्नी समोर बघत राहिली. चेहरा हलू द्यायचा नाही हे इथे पहिल्या वर्षीच शिकायला मिळतं. वरच्या गॅलरीत कॅमेरे असतात, आणि गावाकडे, वर्कशॉपच्या जेवणाच्या खोलीत, आज टीव्ही लावलेला असणार. आर्वे तिला पडद्यावर शोधतो. भाषण कुणाचंही असो, तो बोलणाऱ्याकडे बघत नाही, मागच्या रांगेत बहीण कुठे दिसते ते बघतो, आणि दिसली की सगळ्यांना दाखवतो. दर वेळी. जणू ती तिथे असेल की नाही याची त्याला कधीच खात्री नसते... का नसावी? मी तर नेहमी असते. असतेच की.

दुपारच्या सुट्टीत विग्दिसने तिच्यासमोर वाफल आणून ठेवलं, जॅम आणि आंबट साय घातलेलं, आणि स्वतः समोर बसली. खिडकीबाहेर अंधारायला लागलंही होतं. या दिवसांत ऑस्लोत दुपार अशी येते आणि चहा निवायच्या आत निघून जाते.

"खा. सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही."

उन्नीने काटा उचलला. ठेवला. "विग्दिस, मी आत आले तर?"

"आत कुठे?"

"मतदानाला. सहज विचारतेय."

"असं सहज कुणी विचारत नसतं." विग्दिसने आजूबाजूला बघितलं नाही, आवाज चढवला नाही, फक्त आपली बशी बाजूला सारली. "इंग्वेचं मनावर घेतलंस का? त्याला टाळ्या हव्या असतात. त्याच्याच पक्षाने जोडी मागितलीय, त्याला विचार की."

"इंग्वेचं नाही."

"मग ऐक. सरकार आज हरलं तर उद्या नवीन विधेयक आणेल. माझ्यावर चार दिवस आरडाओरडा होईल, मी काही मरणार नाही त्याने. पण जोडी मोडलीस ना, तर उद्यापासून इथे कुणी कुणाच्या शब्दावर बाहेर राहणार नाही. कुणाची बायको बाळंतीण असो, कुणाचा बाप शेवटच्या घटका मोजत असो, सगळ्यांना इथे ओढून आणावं लागेल, सलाइनसकट. माझी लेक हॉस्पिटलात नळ्यांत होती तेव्हा मी तिचा हात धरून बसू शकले, कारण इथे माझ्यासाठी कुणीतरी बाहेर उभं होतं. कोण होतं माहीत आहे ना?"

"ओद्वार."

"ओद्वार. तेव्हा वाफल खा, आणि घरी जा."

विग्दिसच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिच्या डोळ्यांत ते नसतंच. पण टेबलाची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती, आणि उन्नीला एकदम तिची माया आली, आणि त्याच क्षणी रागही आला. कारण ही बाई खरं बोलत होती. सकाळपासून जो तो आपला खरंच बोलत होता — मंत्रीबाई, इंग्वे, विग्दिस — आणि त्या सगळ्या खऱ्यांच्या मधोमध आर्वेला बसायला जागा नव्हती.

लॉबीच्या टोकाला, जुन्या अध्यक्षांच्या तसबिरींखाली, तिने फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"कोण? उन्नी? बोल, बोल. मी आडवाच आहे, पळून कुठे जाणार."

"कसा आहेस?"

"नवा खुबा बसवलाय. डॉक्टर म्हणतो, तुमच्यापेक्षा तो जास्त टिकेल. काय बोलायची पद्धत आहे का ही? बरं, तुमच्या बाई बोलल्या?"

"बोलल्या. पुढचं पाऊल."

"आज माझ्यासमोर पावलांचं नाव काढू नकोस." तो हसायला गेला आणि कण्हला. फोनमध्ये एक ढकलगाडी खडखडत गेली.

"ओद्वार, तुझ्या जोडीत मी आहे."

"कळलं. शुद्धीवर आलो तर नर्सच्या आधी आमच्या ऑफिसचा फोन."

"तू मोडलीयस कधी? जोडी?"

"कधीच नाही." मग, गुंगीतल्या माणसाच्या सावकाश आवाजात, "एकदाच मोडावीशी वाटली होती. विग्दिसची मुलगी आजारी होती, त्या वेळी. आपल्याकडचं बाळंतपणाचं हॉस्पिटल बंद करायचं मतदान होतं. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. एका मताने गेलं."

"पस्तावलास?"

"विग्दिसची मुलगी वाचली. तिकडे आपल्या जिल्ह्यातल्या एका बाईला रस्त्यातच, गाडीत बाळंत व्हावं लागलं. पस्तावा कुठल्या बाजूने करायचा, ते मला अजून समजलेलं नाही."

उन्नीने तार मुठीत घट्ट धरली. "मी जर आत गेले... आणि तू दाबलं असतंस तेच दाबलं..."

"तर जोडी मोडलीस. माझ्या बाजूने मोडलीस म्हणून ती न मोडलेली होत नाही."

"हो."

"पण मला एक सांग, शब्द दिला कुणी? मी तर भुलीखाली होतो, मला कुणी विचारलं नाही. तू दिलास?"

"विग्दिसनेच माझं नाव दिलं. मी... मी थँक्स म्हटलं."

"मग तो शब्द झाला का?"

"तूच सांग. मास्तर तू आहेस."

"छे. मी तुला बांधत नाही आणि सोडवतही नाही. मला आता ती गोळी देतायत, उन्नी. गोळी फार छान आहे." आणि फोन कुणीतरी हळूच ठेवला, बहुतेक नर्सने.

थँक्स. तो एकच शब्द ती लॉबीतल्या लाल गालिच्यावरून येरझारा घालताना उलटसुलट करून बघत राहिली. तो तोंडातून निघाला तेव्हा आत काय झालं होतं? छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. हलकं वाटलं होतं, इतकं हलकं की रडू आलं. आणि हे हलकेपण नवीन नव्हतं — ते आधी कुठेतरी अंगावरून गेलं होतं, याच गारव्यासकट, बोटांच्या याच बधिरपणासकट...

बर्फ. अंगणातला बर्फ. मी सहावीत असेन, आर्वे शाळेत जायच्या वयाचा झालेला. त्या दिवशी स्वयंपाकघरात हेडमास्तर आले होते, डॉक्टर आले होते, वडिलांनी चांगला शर्ट घातला होता, आणि आई म्हणाली, "उन्नी, जा बाई, अंगणातला बर्फ ओढून काढ जरा." अंगणात बर्फ नव्हता. सकाळीच वडिलांनी काढला होता. तरी मी फावडं घेतलं आणि स्वच्छ अंगण पुन्हा खरवडत राहिले, खिडकीकडे पाठ करून. आत ते ठरवत होते, हा मुलगा काही शिकू शकेल का. आर्वे टेबलाखाली बसला होता. आर्वेला वीसपर्यंत आकडे येत होते; मी शिकवले होते, गोठ्यात, शिंगं मोजून; पण परक्यांसमोर तो तोंड उघडायचा नाही, आणि मोठ्यांपैकी कुणाला हे माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मला एकटीला. दार बंद होतं, कडी लावलेली नव्हती... आणि मी फावडं ओढत राहिले. मग आईने हाक मारली, कोको दिला, आणि सगळं ठरून गेलेलं होतं. दोन दऱ्यांपलीकडच्या वसतिगृहात. तिथून तो परत आला तेव्हा त्याला मिसरूड फुटली होती आणि झोपताना तो भिंतीला पाठ लावून झोपायचा.

त्यात तिचा दोष काय होता? काहीच नाही. पोरगी होती. मोठ्यांनी बाहेर पाठवलं, ती गेली. असं तिने स्वतःला कितीदा समजावलं असेल, आणि ते खरंही होतं. पण कोकोचा तो पहिला घोट घेताना छातीत जे हलकं झालं होतं — मी नव्हतेच तिथे, मला कुणी विचारलंच नाही — ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. राजकारणात आली ती त्यामुळेच असेल. जिथे ठरवतात त्या खोलीत असावं म्हणून. भाषणात ती हे वेगळ्या शब्दांत, टाळ्या पडतील अशा बेताने सांगत आलेली. आणि इतक्या वर्षांनी, त्या खोलीत हक्काची खुर्ची मिळवून, पुन्हा कुणीतरी बाहीवरचा बर्फ झटकून म्हटलं, जा बाई, बाहेर जा जरा. आणि ही म्हणाली, थँक्स.

घंटा वाजायला लागली. संसदेच्या सगळ्या मजल्यांवर एकदम वाजते ती, जिन्यात, उपाहारगृहात, स्वच्छतागृहातसुद्धा. आणि मागोमाग दारं उघडली, पावलं, खोकले, कुणी डब्यातला शेवटचा घास गिळत, कुणी फोन कानाला लावून, सगळे सभागृहाकडे. उन्नी एका खांबाला लागून उभी राहिली. इंग्वे जवळून गेला, थबकला, आणि तिचा चेहरा बघून तसाच पुढे गेला. विग्दिस दारातून आत जाताना वळली. नुसतं बघितलं, आणि आत गेली.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. आर्वे.

"उन्नी, तूपण पडलीस का?"

"काय?"

"टीव्हीत ओद्वारची खुर्ची रिकामी आहे. तो बर्फावर पडला. त्याच्या बाजूची तुझी. तीपण रिकामी. तूपण पडलीस का?"

"नाही रे. मी पडले नाही."

"लागलं नाही ना?"

"नाही लागलं."

त्याने फोन बाजूला धरून मोठ्याने सांगितलं, "ती पडलेली नाही!" आणि मागून सात-आठ जणांचा आनंदाचा गलका ऐकू आला. "आम्ही सगळे बघतोय. आज आमच्याबद्दल आहे म्हणून काम लवकर थांबवलं. केक आहे. मग तू कुठे आहेस?"

"दाराशी."

"आत की बाहेर?"

"बाहेर."

"का?"

इतका साधा प्रश्न दिवसभरात कुणी विचारला नव्हता. जोडी, शब्द, रीत, ओद्वारचा खुबा, विग्दिसची लेक... यातलं एकही खोटं नव्हतं, आणि यातलं एकही या फोनमधून पलीकडे जाणार नव्हतं.

"आर्वे, तार सापडली मला."

"सापडली?" तो खिदळला. रविवारपासून दाबून ठेवलेलं हसू. "मीच टाकली होती! कुठे सापडली?"

"खिशात. हातातच आहे."

"हरवू नकोस हं. रविवारी घेऊन ये. सोमवारी लागेल ती."

आणि त्याने फोन ठेवून दिला. त्याला केक खायचा होता.

घंटा वाजतच होती. लॉबी रिकामी झाली. दाराशी उभा असलेला सेवक, पितळी बटणांचा, रोज सकाळी तिला हवामान सांगणारा, एक हात दारावर ठेवून तिच्याकडे बघत होता. आतून उपाध्यक्षांचा आवाज आला, सदस्यांनी आपापल्या जागी बसावं असं सांगणारा, आणि बाकांवर माणसं टेकल्याची ती ओळखीची करकर.

"ब्रेक्के, आत येताय की लावून घेऊ?"

सकाळचं ते हलकेपण तिने आत शोधलं, खिशात किल्ली शोधावी तसं, घाईघाईने, आणि ते कुठेच नव्हतं. त्याच्या जागी भीती होती, साधीच. विग्दिसच्या त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांची भीती. उद्या ज्यांना सलाइनसकट इथे ओढून आणतील त्यांची. गाडीत बाळंत झालेल्या त्या बाईची, आणि सोमवारची. सगळी एकदम, आणि सगळी आपलीच; कुणी उचलून बाजूला ठेवणार नव्हतं, कुणी कोको देणार नव्हतं.

"थांबा जरा," उन्नी म्हणाली.

"घंटा थांबली की लावावं लागेल."

"माहीत आहे मला."

सेवकाने मान डोलावली आणि दार तसंच धरून ठेवलं. मागच्या रांगेतल्या दोन रिकाम्या खुर्च्या तिला तिथून दिसत होत्या, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यावर वरच्या गॅलरीतला कॅमेरा. काय करणार हे तिला अजून ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं, की घंटा थांबेल तेव्हा दाराच्या कुठल्याही बाजूला असले, तरी मला तिथे कुणी पाठवलेलं नसेल. तारेच्या गोलात अडकलेली करंगळी आता दुखायला लागली होती. तिने ती सोडवली नाही.